एका पिशवीतल्या दोघी

मनीषनगरातल्या अर्ध्या बायकांना आपण रस्त्यावर आणलं, असं नंदाताई मोठ्या अभिमानाने सांगायच्या. ऐकणारा नवीन असला तर दचकायचा. मग त्या खांद्यावरच्या नॅपकिनने मान पुसत खुलासा करायच्या, "गाडी शिकवतो मी. टू-व्हीलर."

'शिकवतो'च. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन नागपुरात आलेली. सुरुवातीला मला ते खटकायचं. नंदाताईंच्या तोंडी मात्र कधी खटकलं नाही. उंच, काटक बाई. पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, मानेवर कापलेले केस. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मले मागच्या सीटवर बसता येत नाही वं. मळमळते."

त्यांना जाऊन आता दीडेक वर्ष होईल. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या आणि त्यांची म्हातारी आई राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. त्यांचा फ्लॅट आता दुसऱ्यांनी घेतलाय, दाराला नवीन रंग दिलाय. तरी जिना उतरताना त्या दाराशी माझा पाय अजून अडखळतो.

हुडकेश्वरच्या पुढे तेव्हा नुसते लेआउट पडलेले होते. मुरूम टाकलेले रस्ते, प्लॉटच्या कोपऱ्यावर चुना फासलेले दगड, मधूनच कुणाचं तरी अर्धवट घर. ती नंदाताईंची शाळा. सकाळी ऊन चढायच्या आत तिथे बायका जमायच्या. नुकतं लग्न झालेल्या, मुलांच्या शाळेमुळे अडलेल्या, एखादी निवृत्त होऊन आलेली. पहिल्या दिवशी गाडी सुरू करायचीच नाही, नुसती हातात धरून चालवत न्यायची, हा त्यांचा नियम. बायका कुरकुर करायच्या. "आधी तिचं वजन ओळख," नंदाताई म्हणायच्या. "ज्याचं वजन माहीत नाही थे पेलता येत नाही."

मी चाळिशीला टेकताना त्यांच्याकडे शिकले. चौथ्या की पाचव्या दिवशी वळणावर घाबरून मी ॲक्सिलरेटर आणखीच पिळला आणि समोरच्या रेतीच्या ढिगात घुसले. तोंडात रेती, ओढणी चाकात. नंदाताई धावत आल्या नाहीत. सावकाश चालत आल्या, चावी काढली, मला वर ओढलं आणि म्हणाल्या, "जागा चांगली निवडली. बाजूले विहीर होती." मग माझ्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर खाली बसून माझ्या बुटांतली रेती काढून दिली. आयुष्यात त्यापूर्वी माझ्या पायाला आईखेरीज कुणी हात लावला नव्हता.

त्यांना एक जुळी बहीण होती, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही फजिती होऊन. एका रविवारी जिन्यात नंदाताई भेटल्या. अंगावर फिकट निळी साडी, डोक्याला अंबाडा, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, हातात संत्र्यांची पिशवी. मी तिथेच ओरडले, "नंदाताई! काय हे? कधी केलंत? सांगितलं नाहीत!" त्या हसल्या. पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली आणि काही न बोलता आत गेल्या. दुपारी खऱ्या नंदाताई वर आल्या, हसून हसून दारातच बसल्या. "मंदा होती थे. माही बहीण. काटोलले असते."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"मंदा कोणाची चूक दुरुस्त करत नाही," नंदाताई म्हणाल्या. "तिले वाटते, समोरच्याले वाईट वाटन."

दोघी काटोलच्या. वडील संत्र्याचे आडते होते. मंदा थोड्या वेळाने मोठी, नंदा धाकटी. मंदाचं लग्न काटोलातच शरदराव नावाच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याशी झालं, त्यांना एकच मुलगी, पल्लवी. ती शिकून पुण्याला नोकरीला. नंदा नागपुरात आली ती राहिलीच, आणि वडील गेल्यावर आईलाही घेऊन आली. मंदाताई दर रविवारी बसने आईला भेटायला यायच्या. चेहरे इतके सारखे की शेजारी बसल्या तर बघणाऱ्याची नजर या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर फिरत राहायची. पण आवाज वेगळे. नंदाताई लेआउटच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाणाऱ्या. मंदाताई काय म्हणाल्या ते शेजारच्याने सांगावं लागायचं.

एक फरक मात्र हळूहळू दिसायला लागला. मंदाताई लाल दिसू लागल्या. आधी गाल, मग कान, मग सगळा चेहरा, तळहातसुद्धा. काटोलला सगळे कौतुक करायचे, मंदा पन्नाशीला आली आणि कशी तजेलदार दिसते. सासूबाई म्हणत, "घरचं दूधदुभतं लागलं अंगाले." मंदाताई त्यावरही काही बोलत नव्हत्या. अंघोळ केली की त्यांच्या अंगाला अशी खाज सुटायची की मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. पुरळ नाही, डाग नाही, वर काहीच दिसत नाही. घरात दोघातिघांनी हे नखरे म्हणून सोडून दिलं. एका नातलग बाईने उतारा सुचवला. मंदाताईंनी सरळ पाण्याशी वैर धरलं. मोरीत नळ सोडून ठेवायच्या, आवाज बाहेर जाऊ द्यायच्या आणि ओल्या फडक्याने अंग पुसून बाहेर यायच्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नंदाताईंना ते कळलं, कारण एका रविवारी त्यांनी बहिणीच्या दंडावर नखांचे ओरखडे पाहिले.

"कोण मारते तुले?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

दुसऱ्याच दिवशी त्या तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं आणि तिथून मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणी झाली. तो आजार कसा सांगितला गेला, ते नंदाताईंनी मला पुष्कळदा ऐकवलं. हाडांच्या आत जो मगज असतो तिथे रक्ताच्या पेशी तयार होतात. तिथल्या मूळ पेशीतल्या एका जनुकात कधीतरी एक बारीकशी चूक झाली, एका अक्षराची. त्यामुळे 'आता पुरे' हा निरोप त्या पेशीला ऐकूच येईना. ती रक्त बनवत सुटली, तिच्या पोटच्या पेशीही तशाच निघाल्या. रक्त वाढलं, दाट झालं, म्हणून चेहरा लाल. गाठ होऊन कुठेही अडकू शकतं, मेंदूत, हृदयात.

"म्हणजे ॲक्सिलरेटर अडकला," नंदाताई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर."

उपाय साधा होता: जास्तीचं रक्त काढून टाकायचं, गोळ्या घ्यायच्या, गाठ होऊ द्यायची नाही. मंदाताई त्यासाठी नागपूरला यायच्या, बहिणीकडे मुक्काम करायच्या. पिशवी भरेपर्यंत नंदाताई शेजारी स्टुलावर बसून राहायच्या. ते रक्त कुणाला देता येत नाही, फेकतात, हे ऐकून मंदाताईंना फार लागलं होतं. "बाहेर लोक रक्तासाठी हात जोडत फिरून राह्यले," त्या म्हणाल्या, "आन माहं वाया जाते."

अशी बरीच वर्षं बरी गेली. मंदाताई पुन्हा अंघोळ करू लागल्या. मग एका उन्हाळ्यात त्यांचा लालपणा उतरला. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण तो उतरत उतरत राखेसारखा झाला. पोट डाव्या बाजूला फुगलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. मगज रक्त बनवून बनवून आता आतून दोऱ्यादोऱ्यांचा होत चालला होता, त्यात रक्त बनायला जागाच उरली नव्हती. ज्या बाईचं रक्त फेकून द्यावं लागत होतं तिला आता बाहेरून रक्त चढवायला लागलं.

डॉक्टरांनी मगज बदलण्याचं सुचवलं. दुसऱ्याच्या निरोगी पेशी हिच्या शरीरात सोडायच्या. कुणाच्या जुळतील ते बघावं लागेल. भाऊ-बहीण कुणी?

नंदाताईंनी उठून स्वतःचा चेहरा बहिणीच्या चेहऱ्याशेजारी नेला. डॉक्टरांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि ते पहिल्यांदाच मनापासून हसले.

त्या दिवशी नंदाताई दवाखान्यातून आल्या त्या सरळ वर आमच्याकडे. पेढे घेऊन. "मी तिची स्टेपनी," म्हणाल्या. "देवानं एकदमच दिली होती, मले एवढी वर्षं कळलंच नाही काहून दिली." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर ना आधी पाहिला ना नंतर. पुढचे दिवस त्या बीट खात होत्या, खजूर खात होत्या, सकाळी शिकवणीला आलेल्या बायकांना दंड दाखवत होत्या. देण्याआधी त्यांच्याही तपासण्या व्हायच्या होत्या, त्या झाल्या.

मग डॉक्टरांनी दोघींना एकत्र बोलावलं. मंदाताईंना जिन्याचा त्रास म्हणून मी सोबत गेले होते, दाराशी उभी होते. डॉक्टर नेहमी घाईत असायचे. त्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागवलं.

नंदाताईंच्या पेशींत तीच चूक होती. तेच जनुक, तेच अक्षर. अजून थोड्याच पेशींत, त्रास सुरू व्हायचा होता, पण होती. त्यांचा मगज मंदाताईंना देता येणार नव्हता.

"असं कसं?" नंदाताईंनी विचारलं. "तुम्हीच म्हटलं होतं, हे आईबापाकडून येत नाही म्हणून."

"येत नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक जुळ्यांतही एकालाच होतं. पण क्वचित असं घडतं. तुम्ही दोघी आईच्या पोटात एकाच वारेवर, एकाच प्लॅसेंटावर, वाढलात. तेव्हा दोघींचं रक्त एकमेकींत जातं-येतं. ही चूक त्याच वेळी कधीतरी एकीत झाली असणार, आणि तिथून दुसरीत गेली. मग एवढी वर्षं दोघींमध्ये गप्प बसून राहिली."

बाहेर आल्यावर दोघी बाकावर बसल्या. मग मंदाताई त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "कोणी कोणाले दिलं असन वं?"

"काय?"

"थे. पोटात. तू मले दिलं का म्या तुले?"

"काहीतरी नको बोलू."

"म्या दिलं असन. मी मोठी."

"मोठी म्हणजे काय? आधी बाहेर आली, एवढंच ना? आत कोण मोठं, कोण लहान?" नंदाताईंचा आवाज चढला. रांगेतले लोक बघायला लागले. "म्या दिलं. माहंच रक्त उड्या मारणारं. तू कधी कोणाले काही दिलं नाही."

"संत्री दिली," मंदाताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता नंदाताईंनी बहिणीच्या खांद्यावर तोंड दाबून घेतलं.

पल्लवीचा मगज अर्धा जुळत होता. डॉक्टर त्याचा विचार करत होते, बाहेरही शोध सुरू होता. पण कशाचंच पक्कं ठरायच्या आत रक्ताने शेवटचं वळण घेतलं. कच्च्याच पेशी बाहेर पडायला लागल्या, म्हणजे रक्ताचा कर्करोगच, आणि तीन-चार आठवड्यांत मंदाताई गेल्या. काटोलला, त्यांच्या घरी.

तेरवीला मी नंदाताईंसोबत गेले होते. अंगणात मांडव, आत बायका. नंदाताईंनी त्या दिवशी साडी नेसली होती, रिवाज म्हणून. त्या उंबऱ्यात आल्या आणि आतला सगळा आवाज थांबला. मंदाताईंच्या सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी नंदाताईंना पाहिलं, हात वर केला आणि किंचाळल्या. शरदराव धावत आले. बायकोच्या फोटोला हार घालून आलेला तो माणूस तोच चेहरा दारात उभा बघत होता. त्यांनी मान फिरवली. निघायच्या वेळी ते मागच्या दाराने आमच्याकडे आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "नंदा, वाईट वाटून घेऊ नको. पण काही दिवस येऊ नको इकडं. मले सहन होत नाही."

"हाव भाऊजी," नंदाताई म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, नागपूर येईपर्यंत. त्या घरी मग त्या कधीच गेल्या नाहीत.

त्यांनी शिकवणी पुन्हा सुरू केली. पण आता बायका पडल्या तरी त्या काही गमतीचं बोलायच्या नाहीत. डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, तिकडे फिरकत नव्हत्या. मी एकदा विषय काढला. "मले रस्ता माहीत आहे वं," म्हणाल्या. "पूर्ण पाहिला आहे, मागच्या सीटवर बसून. कुठं खड्डा, कुठं वळण, सगळं. आता कशाले विचारू?"

आईंची स्मरणशक्ती तोपर्यंत बरीच गेली होती. मंदा गेल्याचं त्यांना सांगितलं होतं, रडल्या होत्या, दुसऱ्या दिवशी विसरल्या होत्या. रविवार आला की दाराकडे तोंड करून बसायच्या. "मंदा कधी येते?" नंदाताईंनी पुन्हा सांगितलं. आई पुन्हा रडल्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या. पुन्हा विसरल्या. तिसऱ्यांदा सांगायचं नंदाताईंच्याने झालं नाही.

मंदाताई गेल्यावर साधारण तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी जिना उतरत होते. मे महिना, इमारत सुनसान, सगळे कूलर लावून आत. खालून कुणीतरी वर येत होतं. फिकट निळी साडी, टिकली, मंगळसूत्र, हातात पिशवी. पावलं अगदी मंद, मंदाताईंचीच. मी कठडा धरला.

"भिऊ नको वं," ती बाई हळू आवाजात म्हणाली. "मीच आहे."

कापलेले केस मागे ओढून त्यावर गंगावणाचा अंबाडा घातला होता. मंगळसूत्र बाजारातलं होतं. नंदाताई माझ्या नजरेला नजर न देता दाराशी गेल्या आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली. आतून कामवाल्या बाईने दार उघडलं. "आई, मंदा आली वं," हे शब्द मला ऐकू आले. आवाजसुद्धा मंदाताईंचाच.

मग दर रविवारी हे सुरू झालं. नंदाताई सकाळी 'शिकवणीला जातो' म्हणून निघायच्या, खाली मीटरच्या खोलीत कपडे बदलायच्या आणि मंदा होऊन वर यायच्या. इमारतीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. कुणी म्हणालं, कुमारिकेने काळे मणी घालू नयेत. त्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मला एकदा एवढंच म्हणाल्या, "तासभर तरी थे असते घरात. आईपाशी पण, माह्यापाशी पण. मीच बोलतो, पण तिचंच तोंडातून येते. मी ठरवत नाही काय बोलायचं."

असाच एक रविवार. आईंसाठी मी थालीपीठ घेऊन खाली गेले होते. नंदाताई मंदा होऊन पलंगाशेजारी बसल्या होत्या, संत्रं सोलून एकेक फोड आईच्या हातावर ठेवत होत्या. आईंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"मंदा, नंदा घरात नाही ना?"

"नाही आई."

"तिले सांगू नको म्या म्हटलं म्हणून. थे चिडते." आईंनी तिचा हात धरला. "नंदा लाल दिसून राह्यली वं आजकाल. तू दिसत होती तशी. अंघोळ करून आली का कपडे फाडल्यावानी खाजवते, मले दिसते सगळं. तुले तिनं नेलं होतं ना डागदरकडं? आता तू तिले ने. ती माहं नाही ऐकत, तुहं ऐकन."

नंदाताईंच्या हातातली फोड तशीच राहिली. मग ती आईच्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "नेतो आई."

"नक्की?"

"नक्की नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. शर्ट, बूट, नॅपकिन. "चाल," म्हणाल्या. "मंदानं कबूल केलं आहे, जा लागते."

त्यांचं रक्त वाढलंच होतं. मी कशी आंधळी होते कोण जाणे. उन्हात काम करणारी बाई, लाल दिसणारच, असं धरून चालले होते. तळहात आतून पेटल्यासारखे होतात म्हणून त्या गाडीच्या मुठींना ओला रुमाल गुंडाळायच्या, तोही मी उन्हासाठीच समजत होते. पहिल्यांदा रक्त काढताना मी त्या स्टुलावर बसले. पिशवी भरत होती. त्यांनी तिकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"यातलं कोणाचं असन?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही.

"पहिलं जे बिघडलं थे. माहं होतं का तिचं? तिचं असन तर थे अजून माह्यात फिरून राह्यली. माहं असन तर..." हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला, नर्सला विचारला, मला किती वेळा विचारला त्याला गणती नाही. डॉक्टर म्हणाले, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि यात कुणाचा दोष नसतो. "दोषाचं नाही म्हणून राह्यली मी," नंदाताई म्हणाल्या. "पत्ता विचारून राह्यली."

गोळ्या सुरू झाल्या, रक्त आटोक्यात आलं. पुढचा रस्ता पाठ असलेल्या माणसासारख्या त्या जगत होत्या. आरशात लालपणा कमी दिसला की इतरांना बरं वाटायचं, त्या मात्र गाल ओढून ओढून बघायच्या, राख तर दिसत नाही ना.

याच दिवसांत पल्लवीचा फोन आला. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आईचं पाहिल्यापासून तिने मूल नको असं ठरवून टाकलं होतं. नंदाताई फोनवरच कडाडल्या. मग तिला नागपूरला बोलावून घेतलं आणि हाताला धरून डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. "सांगा हिले." डॉक्टरांनी समजावलं: ही चूक आईच्या पोटी जन्मलं म्हणून मुलीला मिळत नाही. दोघी बहिणींचं झालं ते वेगळं, पोटातल्या शेजाराचं. "ऐकलं?" नंदाताई म्हणाल्या. "आम्ही एका पिशवीतल्या. तू निराळ्या पिशवीतली. जाय आता." पुढच्या वर्षी पल्लवीला मुलगी झाली.

आई त्यानंतर थोड्याच महिन्यांत गेल्या, झोपेतच. शेवटच्या रविवारीही मंदा येऊन गेली होती. सगळं आटोपल्यावर नंदाताईंनी ती निळी साडी धुऊन, घडी घालून माझ्याकडे आणली. "तुह्या कामवालीले दे. घरात नको."

"राहू द्या की आठवण."

"आता कोणासाठी ठेवू?" त्या म्हणाल्या. "मंदा खरी तर आता गेली. आई होती तोवर दर रविवारी येत होती. आता तिले बोलावणारं कोणी राह्यलं नाही." त्या माझ्या सोफ्यावर बसून रडल्या. बहिणीच्या तेरवीला न आलेलं सगळं रडू त्या दिवशी आलं.

त्यांचं मरण त्यांना पाठ असलेल्या रस्त्याने आलंच नाही. राखेचा टप्पा नाही, पाणथरी नाही, काही नाही. गोळ्या चालू असताना, एका दुपारी जेवून पडल्या असताना, मेंदूत गाठ अडकली. कामवाली चहा घेऊन गेली तेव्हा संपलं होतं. मी ऑफिसात होते.

त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, पल्लवी मुलीला घेऊन आली होती. मुलगी दीड वर्षाची, नुकती बोलायला लागलेली. शरदराव त्यांना गाडीने घेऊन आले होते. ते वर आले नाहीत. फाटकाजवळ गाडीला टेकून, पायाखालचा खडा बुटाने इकडून तिकडे करत उभे होते. नंदाताईच खाली उतरल्या आणि अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसल्या. पल्लवीने त्यांना पाहिलं, तिचे डोळे भरले, तिने ओठ दाबून धरले आणि मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवून जरा लांब जाऊन उभी राहिली.

मुलीने त्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मंदाताईंना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"कोण आहे ही?" पल्लवीने लांबूनच विचारलं. "आजी म्हण. आ-जी."

"आजी नको शिकवू तिले," नंदाताई म्हणाल्या. "तिची आजी मंदा. मी नंदा." मग मुलीकडे वळून, एरवी लेआउटभर ऐकू जाणारा तो आवाज अगदी लहान करून, "नंदा म्हण. नं-दा."

"नन्ना," मुलगी म्हणाली.

"आणखी एकदा म्हण?"

"नन्ना."

शरदरावांचा बूट खड्यावर थांबला. त्यांनी मान वर केली.

मला ऑफिसला उशीर होत होता. गाडी फाटकाबाहेर काढताना मी मागे वळून पाहिलं. नंदाताईंनी खाली वाकून आपला चेहरा त्या मुलीपुढे धरला होता, आणि मुलगी नाकाला, कानाला, हनुवटीला बोट लावत दर वेळी तेच एक नाव घेत होती.